झाकण उघडू नये!

(तृतीय वर्ष, कला)

वार्षिकासाठी लेख मागायला सर वर्गात आले, तेव्हा नेहमीप्रमाणे सगळ्यांनी माना खाली घातल्या. 'पाऊस', 'माझा गाव', 'बसस्टॉपवरची ती' हे विषय दरवर्षी येतात आणि दरवर्षी छापूनही येतात, असे सर हसत म्हणाले. तास संपल्यावर मी धीर करून प्राध्यापक-कक्षात गेलो.

"सर, स्वयंपाकावर लिहिलं तर चालेल?"

"उत्तम! मुलगा असून स्वयंपाकावर लिहितोस हेच विशेष. काय शिजवतोस?"

"बीफ, सर."

सर काही क्षण गप्प राहिले. सर पूर्ण शाकाहारी आहेत, हे साऱ्या कॉलेजला ठाऊक आहे. सहलीत ते स्वतःची पोळी-भाजी डब्यात घेऊन येतात. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या घरात जे शिजतं, तेच तू लिहू शकशील. माझ्या घरातलं लिहायला मी आहे. लिही."

तेव्हा वाचकहो, हा लेख सरांच्या परवानगीने लिहीत आहे. ज्यांना हा पदार्थ वर्ज्य आहे, त्यांनी त्या जागी सुरण समजावा. माझी काही हरकत नाही. आणि कायद्याचा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल, तर तोही आधीच मिटवून टाकतो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच; २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. आता आमच्याकडे बीफ म्हणतात ते म्हशीचे मांस असते. आम्ही वसईचे ख्रिस्ती. रविवारची मिस्सा आटोपून खाटकाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहणे, हा आमच्या लहानपणीच्या रविवारचा दुसरा अर्धा भाग होता.

घरात आम्ही सामवेदी बोलतो. इथे मात्र सगळ्यांना प्रमाण मराठी बोलायला लावले आहे. आजीच्या तोंडी ते थोडे परके वाटेल, त्याला इलाज नाही.

आमच्या घराची रचना आधी सांगायला हवी. पप्पा दोह्याला नोकरीला आहेत. वर्षातून एकदा महिनाभर येतात आणि एरवी शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, फोनच्या पडद्यावर दिसतात. मम्मी मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. सकाळची ड्यूटी असली की पाचनंतर लगेच घर सोडते, चर्चगेट लोकलमध्ये मिळाली तर चौथी सीट, नाहीतर उभी. मी पावणेसातला कॉलेजला निघतो आणि दुपारी तिथूनच एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला जातो. धाकटी बहीण शाळेत, मग क्लासला. घरात दिवसभर उरते ती एकटी आजी.

"मग आजी स्वयंपाक का करत नाही?" असा प्रश्न साहजिकच आहे. एके काळी आमच्या घरात आजीशिवाय कुणाला चुलीपुढे बसण्याची मुभा नव्हती. नाताळात पंचवीस माणसांचे जेवण ती एकटीने रांधायची. पण २०२३ च्या पावसाळ्यात एके दुपारी शेजारच्या काकींना जिन्यात गॅसचा वास आला. आजीने गॅस चालू केला होता. पेटवायची विसरली होती. दार उघडले तेव्हा ती गॅलरीत बसून शांतपणे जपमाळ ओढीत होती. काही विपरीत झाले नाही, ही देवाची कृपा. त्या रात्री मम्मीने काही न बोलता लायटर कपाटात ठेवून कुलूप लावले, आणि सकाळी बाहेर पडण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करण्याचा नियम घालून दिला.

आजीने तक्रार केली नाही. फक्त त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात यायची बंद झाली. पाणी हवे असले तरी आमच्याकडे मागायची.

मग सुरू झाले आमचे डब्यांचे, पावभाजीचे आणि 'जे असेल ते' चे दिवस. संध्याकाळी सहा-सातला एकेक जण घरी यायचा. मम्मी आल्याआल्या चपलांसकट खुर्चीत बसायची. ज्याला जशी भूक लागेल तसा तो खायचा. मी पुस्तक पुढ्यात धरून, बहीण मोबाइल पुढ्यात धरून, मम्मी उभ्या उभ्या ओट्याशी. आजीचे ताट तिच्या खाटेवर. चार माणसांचे घर होते, पण चार पानांची पंगत नव्हती.

डिसेंबर २०२३ मध्ये पप्पांची बहीण, म्हणजे आमची आत्या, कॅनडाहून नाताळाला आली. तिच्या सामानात चॉकलेटे आणि साबणांच्या वड्यांबरोबर एक मोठे खोके होते. त्यातून निघाला तो विजेचा 'स्लो कुकर'. बाहेरून पत्र्याचे गोल आवरण, आत चिनीमातीचे जाड लंबगोल भांडे, वर काचेचे झाकण, आणि पुढे एकच खुंटी. त्यावर 'लो', 'हाय' आणि 'वॉर्म' अशी तीन ठिकाणे.

"सकाळी सगळं भरायचं, खुंटी फिरवायची आणि कामाला जायचं," आत्या म्हणाली. "संध्याकाळी जेवण तयार. तिकडे आम्ही सगळ्या कामावर जाणाऱ्या बायका हेच करतो. ज्योत नाही, शिट्टी नाही, काही नाही."

'ज्योत नाही' हे शब्द ऐकून मम्मीने कान टवकारले.

मी उत्साहाने वायर प्लगात घालायला निघालो, पण पिनांचा आकार बसेना. त्या न बसणाऱ्या पिनांनीच आमचे रक्षण केले म्हणायचे. कारण बहिणीने कुकर उलटा केला आणि खालची पट्टी वाचली : १२० व्होल्ट. आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. बहीण तेव्हा नववीत होती. विज्ञानाची वही उघडून तिने मला बजावले, "दाब जवळजवळ दुप्पट झाला, की उष्णता जवळजवळ चौपट होते. हे तुझ्या मराठी साहित्यात नसतं." कला शाखेचा झालेला हा अपमान गिळून मी लॅमिंग्टन रोडला गेलो आणि वीज उतरवणारा एक ट्रान्सफॉर्मर विकत आणला. तो विटेसारखा जड आहे आणि चालू असताना भुंग्यासारखा गुणगुणतो. कुकर स्वतः मात्र वीज फार खात नाही. आठ तासांत दीड-दोन युनिटे, त्याहून जास्त नाही.

पहिला प्रयोग जानेवारीत केला आणि तो सपशेल फसला. मी खाटकाकडून मोठ्या ऐटीत बिनहाडाचे, बिनचरबीचे तुकडे घेतले. पातेल्यात घालतो तसे भरपूर पाणी घातले. कांदा कच्चाच टाकला. संध्याकाळी झाकण उघडले, तर पांढुरक्या पाण्यात सुतळीसारखे धागे तरंगत होते. आजीने एक घोट घेतला, चमचा खाली ठेवला आणि विचारले, "घरात कोण आजारी आहे?"

मग मी आत्याला फोन केले, खाटकाचे डोके खाल्ले आणि चुकत चुकत शिकलो. जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण पुढे नोकरीसाठी परगावी एका खोलीत राहणार आहेत.

पहिली गोष्ट, मांस कोणते घ्यावे. इथे महागाचा तुकडा उपयोगाचा नाही. जनावराने ज्या अवयवांनी आयुष्यभर कष्ट केले, ते भाग घ्यावेत : पायाच्या पोटरीचे मांस, किंवा छातीचा 'सीना'. हे भाग चिवट असतात, म्हणून स्वस्त मिळतात. त्यांच्यात कोलॅजेन नावाचे चिवट तंतू असतात. साधारण सत्तर अंशांच्या पुढे ते बराच वेळ ओलसर उष्णतेत राहिले, की हळूहळू विरघळून त्यांचे जिलेटिन बनते. तेच रश्शाला दाटपणा देते आणि मांसाला मऊपणा. घाई केली तर ते नुसते आकसतात. कष्टाने चिवट झालेल्या वस्तूला मऊ करायला ताकद नको, वेळ हवा, हे मला खाटकाच्या दुकानात कळले.

दुसरी गोष्ट, पाणी. झाकण बंद असल्याने वाफ बाहेर जात नाही. मांसाचे आणि कांद्याचे पाणी आतच राहते. पाऊण किलोला अर्धी वाटी पाणी पुष्कळ झाले.

तिसरी, कांदा आणि मसाला आदल्या रात्री तव्यावर दहा मिनिटे परतून घ्यावा. या कुकरात काही तांबूस होत नाही, म्हणून तो खरपूस वास आधीच कमवावा लागतो. मी तीन मोठे कांदे, आले-लसूण आणि आजीचा मसाला दोन चमचे घेतो. हा मसाला आम्ही उन्हाळ्यात कांडून काळ्या बाटल्यांत दाबून भरतो, तो वर्षभर पुरतो. थोडा व्हिनेगर घालून मांस रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतो. ठेवायचे मात्र दुसऱ्या डब्यात. कुकरचे चिनीमातीचे भांडे थंडगार असताना एकदम तापवले, तर तडकते.

चौथी, बटाटे तळाशी. ऐकायला उलटे वाटेल, पण या मंद उष्णतेत बटाटे-गाजरे मांसापेक्षा सावकाश शिजतात. नारळाचे दूध शेवटी, नाहीतर फाटते. आणि राजमा घालायचा असेल, तर तो भिजवून, ते पाणी फेकून, आधी गॅसवर दहा मिनिटे खळखळून उकळलाच पाहिजे. अर्धवट शिजलेला राजमा पोटाला विषासारखा बाधतो. ही शेवटची सूचना मम्मीची आहे, आणि तिने ती दवाखान्यातल्या आवाजात दिली होती.

मग सकाळी साडेसहाला सगळे भांड्यात रचायचे, खुंटी 'लो' वर ठेवायची आणि निघायचे. आठ तासांत जेवण तयार होते. मला यायला उशीर झाला आणि आणखी दोन-तीन तास लागले, तरी ते रागावत नाही. प्रेशर कुकर हेच काम पाऊण तासात करतो हे खरे. पण त्या पाऊण तासात माणूस घरात लागतो, शिट्ट्या मोजाव्या लागतात. आमच्या घरात मोजायला माणूसच नव्हते.

पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट : झाकण उघडू नये. एकदा उघडले की साठलेली वाफ जाते, आणि एवढ्या मंद उष्णतेवर ती पुन्हा साठायला बराच वेळ लागतो. इथेच आमची खरी अडचण सुरू झाली. कारण कुकरला ज्योत नव्हती, म्हणून आजीला पुन्हा स्वयंपाकघर मोकळे झाले होते! कित्येक महिन्यांनी ती आत आली आणि दर अर्ध्या तासाने झाकण उचलून वास घेऊ लागली. संध्याकाळी मांस चिवट निघायचे. "आजी, झाकण उघडलं होतंस?" "छे, मी कशाला उघडू?" शेवटी मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'झाकण उघडू नये!' असे लिहून भिंतीला चिकटवले. आजी चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिने ते मोठ्याने वाचले आणि म्हणाली, "तुझं अक्षर तुझ्या पप्पासारखंच वाईट आहे."

एवढे करूनही, त्या कुकराने आमच्यात एक बदल केला. जेवण एकाच मोठ्या भांड्यात, एकाच वेळी तयार होऊ लागले. ते ओट्यावर नेऊन उभ्या उभ्या खाण्यासारखे नव्हते. ते टेबलावर मधोमध ठेवावे लागायचे. मग पाव आणला जायचा, नाहीतर तांदळाच्या भाकऱ्या. ठेवणाऱ्याबरोबर बाकीचे बसायचे. आम्ही काही ठरवले नव्हते. भांडे जड होते, म्हणून बसलो.

हे यंत्र आले कुठून, याचीही मी थोडी चौकशी केली. अमेरिकेतल्या आयर्व्हिंग नॅक्सन नावाच्या एका ज्यू संशोधकाने त्याचे पेटंट १९४० मध्ये मिळवले. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातल्या जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. ज्यू धर्मात शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, विस्तव पेटवायचा नसतो. म्हणून तिकडच्या बायका शुक्रवारी संध्याकाळी मांस, कडधान्य आणि बटाटे घातलेले 'चोलंट'चे भांडे गावातल्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायच्या. भट्टी विझत जायची, आणि त्या उरल्या उबेवर रात्रभर ते शिजायचे. नॅक्सनने त्या विझत्या भट्टीची वीज केली. १९७० मध्ये एका कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये नव्या नावाने ते भांडे बाजारात आणले. अमेरिकेतल्या बायका तेव्हा मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या. त्यांनी ते उचलून धरले.

हे वाचताना मला आपल्या कोकणातले बेने इस्रायल आठवले. हे मराठी बोलणारे ज्यू तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सुट्टी पाळणाऱ्याची भूक काही सुट्टी घेत नाही. आपल्या देशातही अशी युक्ती झाली आहे. १९१० मध्ये कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 'इक्मिक कुकर' तयार केला. त्यात खाली थोडा कोळसा पेटवायचा, वर डब्यांत भात, डाळ, मांस रचायचे आणि आपल्या कामाला लागायचे. घरात कुणी नसताना अन्न शिजावे, ही माणसाची जुनीच गरज दिसते.

मात्र एवढी सगळी माहिती मिळवणाऱ्या मला, हीच गोष्ट आमच्या घरात कुणाला ठाऊक असेल, असे कधी वाटले नाही. ते कळायला एक वाईट दिवस यावा लागला.

२०२४ च्या जुलैमधला तो दिवस. दोन दिवस पाऊस कोसळत होता. मी सकाळी कुकर लावून गेलो. साडेसहाला घरी आलो, तर नेहमीचा वास नाही. झाकण उघडले. मांस करडे, बटाटे कच्चे. शेजारच्या काकींनी सांगितले की साडेनवाला वीज गेली, ती अडीचला आली. म्हणजे पाच तास ते भांडे कोमट होत पडले होते, आणि नंतर पुन्हा हळूहळू तापत होते.

तेवढ्यात मम्मी आली. भिजलेली, लोकल रखडल्यामुळे दमलेली. तिने भांड्याला हात लावला आणि म्हणाली, "फेकून दे."

"पुन्हा उकळून घेऊ ना. पाऊण किलो आहे!"

"पाच ते साठ अंशांच्या मध्ये अन्न एवढे तास राहिलं, तर त्यात काय काय वाढतं ते मी रोज वॉर्डात बघते. त्यातली काही विषं उकळूनही जात नाहीत. फेक."

माझे त्या आठवड्याचे पैसे त्यात होते. आदल्या रात्री साडेअकराला मी कांदे परतले होते. मी भांडे उचलले आणि खाटेवर बसलेल्या आजीकडे वळून ओरडलो, "तू दिवसभर घरात असतेस! वीज गेली एवढं तुला कळत नाही? एक फोन नाही करता येत? मग तू घरात असून उपयोग काय?"

हे वाक्य तोंडातून गेले आणि घरातला आवाजच गेला. बहिणीने मोबाइल खाली ठेवला. मम्मी माझ्याकडे बघत राहिली. आजी एवढेच म्हणाली, "पंखा बंद होता खरा. मला वाटलं, मीच बंद केला आणि विसरले."

त्या रात्री आम्ही पाव आणि चहा घेतला. आजीने तोही घेतला नाही.

मी माफी मागायला रात्री तिच्या खाटेपाशी गेलो. शब्द जमेनात. मी वेड्यासारखा चोलंटची गोष्ट सांगायला लागलो, विझती भट्टी, रात्रभर शिजणे वगैरे. आजी ऐकत होती. मग म्हणाली, "यात नवीन काय आहे? नाताळाला आम्ही हेच करायचो."

आणि तिने सांगितले. चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी मातीच्या मडक्यात मोठ्याचे मांस, मसाला आणि कांदे भरायचे. वर मातीची झाकणी ठेवून कडेने तांदळाच्या पिठाची कणीक लावून तोंड बंद करायचे. चुलीतली लाकडे ओढून घ्यायची, नुसता विस्तव ठेवायचा, मडके त्यावर बसवून भोवती राख सारायची. मग घरातली सगळी माणसे मध्यरात्रीच्या मिस्साला चालत जायची. परत आल्यावर सगळ्यांसमोर कणकेचे कडे फोडायचे.

"तू कधी मध्येच उघडून बघितलं नाहीस?"

"कणीक लावलेली असते रे. उघडणार कशी?" मग थोडे थांबून ती म्हणाली, "तुझ्या या भांड्याला काचेचं झाकण आहे. आतलं दिसतं. दिसलं की हात जातो."

"आणि विस्तव लवकर विझला तर?"

"तर गोधडी कशाला असते?"

मी हसलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. माफी मागायची तशीच राहून गेली. पण दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचा पुठ्ठा काढला आणि सकाळी निघताना म्हणालो, "आजी, हे तुझ्यावर सोपवून जातो. वीज गेली तर काय करायचं ते तू ठरव."

मम्मीने मला बाहेर जिन्यात गाठले. "तिच्यावर किती सोडायचं याचा विचार केलास का? उद्या तिच्याकडून पुन्हा काही विसरलं तर?" मम्मीचे म्हणणे खोटे नव्हते. मी म्हणालो, "ज्योत नाही ना त्यात. विसरली तर फार तर पाव खाऊ." मम्मीने थोडा वेळ विचार केला आणि पाच चाळीसच्या लोकलचे नाव घेत जिना उतरली.

ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात एके दिवशी दुपारी तीनला पुन्हा वीज गेली. मी दुकानात होतो. तिथलीही गेली, म्हणून मला कळले. घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. सहाला मी आणि मम्मी योगायोगाने एकाच वेळी जिना चढलो. दार उघडले, घरात काळोख. ओट्यावर एक भले मोठे गाठोडे. आजीच्या दोन गोधड्या, वर मम्मीचा जुना स्वेटर, त्याला साडीच्या काठाने बांधलेली गाठ. वायर प्लगातून काढून नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. शेजारी खुर्ची टाकून, हातात जपमाळ घेऊन, आजी बसलेली.

"फोन का नाही उचललास?"

"इथून उठले असते, तर मग विसरले असते," ती म्हणाली.

मी गाठ सोडली. चिनीमातीच्या कडेला बोट लागले आणि चटका बसला. मम्मीने सवयीने पर्समधून तापमापक काढला, बहीण ओरडली, "मम्मी, तो बेचाळीसपर्यंतच आहे!" आम्ही सगळे हसलो. मम्मीने झाकण वर केले. वाफ उसळून तिच्या चष्म्यावर बसली. सकाळी साडेसहापासून साडेआठ तास ते विजेवर शिजले होते, आणि पुढचे तीन तास आजीच्या उबेवर. तरीही मम्मीने ते पातेल्यात ओतून गॅसवर एकदा खळखळून उकळले, कारण ती शेवटी परिचारिका आहे. मग कपाटाचे कुलूप उघडून काढलेला लायटर तिने क्षणभर हातात धरला आणि आजीकडे बघून म्हणाली, "आई, मीठ बघता का जरा?"

आजी उठली, ओट्यापाशी आली, तळहातावर थेंब घेऊन चाटला. "जरा कमी आहे," म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने चिमूटभर मीठ घातले.

मेणबत्तीच्या उजेडात आम्ही चौघे जेवलो. पोटरीचे मांस भाकरीच्या नुसत्या धक्क्याने सुटत होते. शुक्रवार असल्याने पप्पांचा फोन आला. पडद्यावर त्यांना मेणबत्ती आणि चार ताटे तेवढी दिसली असावीत. ते म्हणाले, "आज काय नाताळ आहे?"

हे सगळे होऊन गेले, तेव्हापासून आजीचे विसरणे वाढले आहे. कधी मला पप्पांच्या नावाने हाक मारते, कधी सकाळच्या जेवणानंतर पुन्हा जेवायला मागते. लायटर अजूनही कुलपात आहे, आणि तो तिथेच राहणार, हे आम्हांला सर्वांना ठाऊक आहे. कुकराने ते काही बदलले नाही. यंत्राकडून तेवढी अपेक्षा करू नये. पण ज्या दिवशी कुकर लावलेला असतो, त्या दिवशी संध्याकाळी मी आलो की ती खुर्चीवरच असते. भिंतीवर आता पुठ्ठा नाही. काचेच्या झाकणावर तिने तिचा एक स्वच्छ रुमाल घालून ठेवलेला असतो, आतले दिसू नये म्हणून.

मी चपला काढतो, बहीण पाव घेऊन येते, मम्मी हातपाय धुऊन टेबलाशी बसते. मग आजी विचारते,

"काढू का आता झाकण?"

"काढ, आजी."